भूक वाचली, ताट राहिले

मराठी समीक्षेत ‘भूक’ हा शब्द गेली पन्नास वर्षे सन्मानाने वावरतो आहे. ग्रामीण आणि दलित साहित्यावरचा कोणताही प्रबंध उघडावा, त्यात दारिद्र्य, शोषण, जातिव्यवस्था यांच्या शेजारी भुकेचे प्रकरण असतेच. उदाहरणे ठरलेली, निष्कर्षही ठरलेले: भूक माणसाला लाचार करते, भूकच त्याला बंडखोर करते. हे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण ग्रामीण व दलित गद्य वर्गात शिकवताना एक गोष्ट मला वारंवार खटकत आली. भुकेविषयी इतके बोलणारे आपण माणसे काय खात होती हे क्वचितच विचारतो. ती किती उपाशी होती याची नोंद ठेवतो. त्यांच्या ताटात काय होते, कोणाच्या ताटात होते आणि कोणाच्या नव्हते, हे तपशील ‘वातावरणनिर्मिती’च्या खात्यात टाकून पुढे जातो.

हा प्रश्न केवळ वाचनपद्धतीचा नाही. पोषणशास्त्रात गेल्या दोन-तीन दशकांत जो बदल झाला, त्याच्याशी तो थेट जोडलेला आहे. पोषणाचा विचार पूर्वी प्रामुख्याने उष्मांकांत होई. पोट भरले की काम झाले, असा त्याचा ढोबळ अर्थ. पुढे लक्षात आले की भाकरीने किंवा भाताने पोट भरलेले मूलही खुजे राहते, त्याच्या रक्तात लोह कमी असते. म्हणून मोजमाप बदलले. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाने आदल्या दिवशी किती अन्नगटांतले पदार्थ खाल्ले, हे विचारले जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२१च्या निकषांत असे आठ गट आहेत: आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी, शेंगा व तेलबिया, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, ‘अ’ जीवनसत्त्व देणारी फळे-भाज्या, आणि इतर फळे-भाज्या. यांपैकी किमान पाच गट पोटात गेले तर त्या बाळाचा आहार पुरेसा विविध मानायचा. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांसाठी अशीच दहा गटांची यादी असून तिथेही पाचाची अट आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या या वयाच्या बाळांपैकी केवळ ११.३ टक्के बाळांना विविधता आणि जेवणाच्या वेळा या दोन्ही कसोट्यांवर पुरेसा आहार मिळत होता. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. आधीच्या फेरीत हे प्रमाण ३४.४ होते. देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयी आहेत. हे आकडे उपासमारीचे नाहीत. या घरांपैकी बहुतेकांत चूल रोज पेटते. चुलीवर काय चढते आणि ते कोणाच्या वाट्याला येते, हा खरा प्रश्न आहे. माझा मुद्दा असा, की या प्रश्नाची उत्तरे मराठी गद्याने पूर्वीच नोंदवून ठेवली आहेत. आपण समीक्षकांनी ती वाचली नाहीत.

भाकरी नावाचे प्रतीक

याला एक कारण भाकरी आहे. मराठी साहित्यात भाकरीइतके प्रतिष्ठित अन्न दुसरे नाही. श्रम, हक्क, माय, क्रांती अशा साऱ्यांचा भार तिने वाहिला आहे. प्रतीक म्हणून तिने मोठे काम केले यात शंका नाही. परंतु प्रतीक प्रबळ झाले की शेजारच्या वस्तू अदृश्य होतात. भाकरीसोबतची घोळूची भाजी, हुलग्याचे माडगे, जवसाची चटणी, ओढ्यातले खेकडे, वाळवलेला बोंबील यांना प्रतीक होण्याचे भाग्य लाभले नाही, म्हणून समीक्षेच्या पानावरही जागा मिळाली नाही. पोषणाच्या दृष्टीने मात्र हीच मंडळी महत्त्वाची. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांतून भरून निघतो. पालेभाजीतले लोह अंगी लागायला चिंचा-लिंबासारखे आंबट मदत करते. भाकरी हा ताटाचा पाया झाला. ताट पूर्ण होते ते कडेच्या चिमूटभर वस्तूंनी.

महात्मा फुल्यांना हे कळत होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये ते शेतकऱ्याच्या दैन्याबद्दल मोघम हळहळ व्यक्त करत नाहीत. त्याचे घर, वस्त्र, भांडी, जेवण यांची झडतीच घेतात. हा पंचनाम्याचा बाज त्या ग्रंथाचा वाङ्मयीन विशेष आहे. नंतरच्या ग्रामीण साहित्यात झडती मागे पडली आणि भावना पुढे आली. ‘श्यामची आई’ (१९३५) मधला अळणी भाजीचा प्रसंग मराठी वाचकाला पाठ आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, आणि त्या मौनातून मुलाला संयमाचा धडा मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण तो धडा घेतला. पण त्याच पुस्तकातली ती गरीब कोकणी गृहिणी परसातल्या आणि आसपासच्या झाडोऱ्यातून जेवण उभे करते, हे एक अन्नविषयक ज्ञान आहे, असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. मीठ लक्षात राहिले, भाजी विसरली गेली.

दोन झाडांखालची जेवणे

दलित आत्मकथनांकडे वळले की ही त्रुटी अधिक जाणवते, कारण तिथे तपशील विपुल आहेत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या सहलीचा प्रसंग येतो. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवायला बसतात, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली. तिकडे नाना पदार्थ, इकडे फडक्यात बांधलेली चटणी-भाकरी. तिकडचे उरलेले अन्न गोळा करून इकडच्या मुलांना दिले जाते. घरी परतल्यावर आई विचारते, त्यातले थोडे माझ्यासाठी का आणले नाहीस? आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात.

हा प्रसंग समीक्षकांनी अस्पृश्यतेचे चित्र म्हणून पुष्कळ उद्धृत केला, तसा तो आहेच. मी तो आणखी एका अंगाने वाचतो. आहार-सर्वेक्षण करणारी ताई दुसऱ्या दिवशी त्या मुलाकडे आली असती आणि ‘काल काय काय खाल्लेस?’ असे तिने विचारले असते, तर त्याच्या उत्तरात एरवीपेक्षा जास्त अन्नगट निघाले असते. नोंदवहीत त्याचा आहार त्या एका दिवसापुरता ‘विविध’ ठरला असता. ती विविधता उष्ट्याची होती, हे लिहायला नोंदवहीत रकाना नाही. लिंबाळ्यांच्या गद्यात तो आहे. चौकट जे टिपू शकत नाही ते साहित्य टिपते, हे विधान आपण सवयीने करतो. इथे त्याचा पडताळा मिळतो.

त्याच पुस्तकातला दुसरा प्रसंग संतामाय या आजीचा. जनावरांच्या शेणात न पचता पडलेले ज्वारीचे दाणे ती वेचते, धुते, वाळवते, दळते. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खाते. नातवाला बऱ्या पिठाची देते. नातू हट्टाने तिच्या भाकरीचा तुकडा चाखतो आणि त्याला शेणाचा वास येतो. या प्रसंगावर लिहिणाऱ्या बहुतेकांची लेखणी शेणाशीच थांबते, आणि ते स्वाभाविक आहे. तो वास वाचकाला सोडत नाही. परंतु प्रसंगाचा कणा वाटपात आहे. घरात दोन प्रतीच्या भाकऱ्या आहेत आणि म्हातारी बाई न सांगता वाईट प्रत आपल्याकडे घेते. कुटुंबाची सरासरी काढली की हे वाटप नाहीसे होते. ‘ग्रामीण कुटुंब’ या एककावर बेतलेली प्रत्येक योजना नेमकी इथेच आंधळी असते. धान्य कुटुंबाला मिळते, पण कुटुंब काही एका तोंडाने जेवत नाही.

सुनेचे वय

हा अंतर्गत वाटपाचा मुद्दा सर्वांत निर्भयपणे मांडला तो बेबी कांबळे यांनी. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूप झाले. त्यातला आषाढ महिना वाचावा. वर्षभर कोरड्या तुकड्यांवर दिवस काढणाऱ्या वस्तीत या महिन्यात सण येतात, गोडाधोडाचा वास सुटतो, लेखिकेची भाषाही उजळते. मग पुन्हा तेच कोरडे दिवस. आहाराला ऋतू असतो हे इतक्या सहजपणे सांगणारे लेखन मराठीत थोडे आहे. चोवीस तासांची आठवण विचारणारे सर्वेक्षण आषाढात गेले तर एक उत्तर मिळेल, चैत्रात गेले तर दुसरे.

पण या पुस्तकाचे खरे मोल सासुरवाशिणीच्या चित्रणात आहे. खेळण्याच्या वयातली मुलगी सून होऊन येते, पहाटे उठून दळते, घरभराच्या भाकऱ्या थापते, एखादी कच्ची राहिली तर सासू ती चारचौघींना दाखवून तिची अब्रू काढते. ती बाळंतीण होते तेव्हाही तिच्या पोटात अन्न नसते. भाकरी थापणारे हात आणि ती खाणारे तोंड यांच्यातले अंतर बेबीताईंनी दलित पुरुषांच्या आत्मकथनांपेक्षा अधिक स्पष्ट दाखवले. बाहेरच्या जातीय जाचाइतकाच घरातला जाच त्यांनी लिहिला, आणि त्यामुळे त्यांना आपल्याच माणसांसमोर अवघड झाले असणार हे वाचताना जाणवते.

ही मुलगी आजच्या आकडेवारीत कुठे बसते? बाळांचा निकष तेवीस महिन्यांवर संपतो, स्त्रियांचा पंधराव्या वर्षी सुरू होतो. दहा ते चौदा वयाची मुलगी, जिची उंची झपाट्याने वाढते आहे, जिला पाळी नुकतीच येऊ लागली आहे आणि म्हणून लोहाची सर्वाधिक निकड आहे, ती या दोन मापांच्या मधल्या फटीत उभी राहते. मराठी कथात्म साहित्यातही तिची जागा फारशी वेगळी नाही. बालपण आहे, मग एकदम लग्न आहे. ‘जिणं आमुचं’ने ती फट भरली. हे पुस्तक स्त्रीवादी समीक्षेने उचलून धरले ते योग्यच झाले, पण त्यातले अन्न पुन्हा उपमेच्या पातळीवरच राहिले.

वाटी-चमचा आणि पदर

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या सगळ्या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याचे महत्त्व लक्षात येते. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचे हे पुस्तक आठवण, समाजेतिहास आणि पाककृती यांची सरमिसळ करते. शीर्षकापासूनच वाद मांडलेला आहे: अन्न पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत ज्यांना जागाच नव्हती, त्यांचे अन्न अपूर्णच राहणार. २०२४मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग आपल्याकडेही त्याची चर्चा वाढली, हे आपल्या वाचनसंस्कृतीला साजेसेच झाले.

शेजारी मराठी पाकपुस्तकांची परंपरा ठेवावी. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१०चे. पाठारे प्रभू घरातून आलेले हे पुस्तक मांस-मासळीला संकोचत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन नव्या संसारी मुलींना धीर दिला. ही दोन्ही पुस्तके मोठी आहेत आणि त्यांच्या उपयोगितेवर वाद नाही. मात्र दोन्हींचे गृहीतक असे, की घटक पदार्थ घरात आहेत, प्रश्न फक्त प्रमाणाचा आणि कौशल्याचा आहे. पाटोळ्यांच्या पुस्तकात घटक मिळवणे हाच पाककृतीचा पहिला आणि सर्वांत कठीण टप्पा आहे. तेल-तूप बेताचे, म्हणून शेंगदाण्याचा कूट. मांस एकदम मिळते आणि टिकत नाही, म्हणून त्याच्या वाळवलेल्या चान्या. जनावराचा कोणताच भाग टाकायचा नाही, म्हणून रक्ती. ‘रुचिरा’ सांगते किती घालायचे. पाटोळे सांगतात का घालायचे, आणि नसेल तर काय करायचे.

रक्ती आणि चान्या हे पोषणशास्त्राच्या भाषेत उत्तम प्रतीचे, शरीराला सहज लागणारे लोह आणि पूर्ण प्रथिन. गावाने ज्यांना नीच अन्न म्हटले त्यात तेच होते, ज्याच्या अभावी आज निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयी आहेत. या विधानाचा मोह होतो, आणि इथेच समीक्षकाने सावध राहायला हवे. पाटोळे स्वतः या अन्नाचे गौरवीकरण करत नाहीत. मेलेल्या ढोराचे मांस ही निवड नव्हती. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले ते आहारशास्त्रासाठी नव्हे, माणूसपणासाठी. लोकांनी ते सोडले; त्या जागी काय आले, हा पुढचा प्रश्न होता. एक अन्नगट ताटातून स्वाभिमानाने गेला आणि त्याची जागा घ्यायला दूध, अंडी, डाळ विकत आणण्याइतका पैसा सर्वांकडे आला नाही. पुस्तकाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सोडण्याच्या क्षणापर्यंत ते वाचकाला नेते, सोडल्यानंतरच्या पिढीच्या ताटापाशी फारसे थांबत नाही. मला वाटते, पुढच्या लेखकासाठी खरा विषय तिथे आहे.

शासनाचे गद्य

साहित्याबाहेरचे एक गद्यही आहारावर सतत लिहिले जाते, ते शासननिर्णयांचे. त्याचीही समीक्षा व्हायला हवी, कारण ते रोज लाखो मुलांच्या ताटात उतरते. १९७२च्या दुष्काळाने मराठी भाषेला दोन शब्द दिले, सुकडी आणि मिलो. दुष्काळी कामावरची सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. दोन्ही उष्मांकाच्या विचारातून आलेली, आणि तेव्हा जीव वाचवायचा होता म्हणून ती योग्यही होती. पुढे रेशनमधून गहू-तांदूळ आले आणि ज्वारी-बाजरी-नाचणीच्या पट्ट्यातल्या घरांचे धान्यही बदलले. पोट भरण्याची हमी वाढली, ताटातले वैविध्य मात्र तिच्या मागोमाग आले नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१च्या आदेशाने प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण बंधनकारक केले, ही या देशातली फार मोठी गोष्ट. ‘खिचडी’ हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात शाळेचाच समानार्थी होऊन बसला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम, असे त्याचे माप. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून द्यावे असे ठरले.

या शेवटच्या वाक्याचे व्याकरण पाहावे. ‘हवे तर’ आणि ‘लोकवर्गणी’ या शब्दांनी एक अन्नगट हक्काच्या यादीतून काढून दानाच्या यादीत टाकला. वर्गणी द्यायला ज्या गावात पैसा आहे तिथल्या मुलांना अंडे मिळेल; ज्या पाड्यावर ते सर्वांत गरजेचे आहे तिथे नाही. शिवाय अंडे ताटात आले की जात आणि धर्म टेबलाशी येऊन बसतात, हे चर्चेत लगेच दिसले. ‘अक्करमाशी’तल्या त्या दोन झाडांखालून आपण किती पुढे आलो, असा प्रश्न मला इथे पडतो. आता सगळी मुले एका ओळीत बसतात, हे छोटे यश नव्हे. त्या ओळीत काय वाढायचे हे मात्र अजूनही ओळीत न बसणारे ठरवतात.

आक्षेप आणि उत्तर

असे वाचन म्हणजे साहित्याला आकडेवारीचे परिशिष्ट करणे नव्हे काय, असा आक्षेप येईल. माझ्या परिचयातल्या एका ज्येष्ठ समीक्षकांनी हा लेख लिहिण्यापूर्वीच तो घेतला. आत्मकथन हे सर्वेक्षण नाही; स्मृती निवड करते, अतिशयोक्ती करते, हे मला मान्य आहे. लिंबाळ्यांच्या भाकरीवरून एखाद्या जिल्ह्याचा आहार काढणे हास्यास्पद ठरेल. मी उलट दिशेने जातो आहे. सर्वेक्षणाची चौकट कुठे मुकी होते हे या कृती दाखवतात: उष्टे आणि मिळवलेले यांतला फरक, घरातला क्रम, ऋतू, आणि अन्नाला चिकटलेली लाज. मूल एखादा पदार्थ समोर असूनही का खात नाही, किंवा खाल्ला असूनही ताईला का सांगत नाही, याचे उत्तर बहुधा या चौथ्या गोष्टीत असते. रानभाज्या खाणे मागासपणाचे वाटू लागले, की त्या ताटातून आणि उत्तरातूनही गळतात.

या लाजेवर कामही होते आहे, आणि ते शब्दांतूनच होते आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० सालची पद्मश्री मिळाली, तेव्हा परसबागेतल्या वालाच्या वाणांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली. योगायोग असा, की ‘बलुतं’कार दया पवारांचे धामणगावही याच तालुक्यातले. एका पुस्तकाने इथल्या गावकुसाबाहेरचे जगणे मराठीत आणले, एका शेतकरी बाईने इथल्या बियांची नावे. दोन्हींना एकत्र ठेवून वाचणारी समीक्षा आपल्याकडे नाही.

ती व्हावी यासाठी करायचे काम फार अवघड नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या आवृत्त्यांना पदार्थांची, धान्यांची, रानभाज्यांची सूची जोडता येईल; बोलीतली नावे आणि त्यांचे ऋतू नोंदवता येतील. पदव्युत्तर वर्गात एखादा प्रसंग शिकवताना कोण कोणाला वाढते, कोण शेवटी बसते, हे विचारता येईल. मी हे वर्गात विचारू लागल्यापासून विद्यार्थिनींची उत्तरे लांबली आहेत. त्या पुस्तकाबद्दल सांगता सांगता आपल्या घराबद्दल बोलू लागतात. त्यांच्यापैकी अनेकींनी सकाळी नुसता चहा घेऊन गाडी पकडलेली असते. एकदा आत्मकथनातल्या बाळंतिणीच्या प्रसंगावर चर्चा चालली असता एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडे आता धान्य कमी नाही. पण आई अजून शेवटीच जेवते, आणि तोवर भाजी संपलेली असते.” भाकरीच्या प्रतीकाने हे वाक्य ऐकता येत नाही. ते ऐकायचे असेल तर ताटाकडे पाहावे लागेल.